गाडी बघायला उभं राहायचं कुठे?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना कोणीतरी विचारतंच, ‘काय मग, वीकएंडला काय प्लॅन?’ मी सांगितलं, ‘नंदुरबारला जातेय, गाड्या बघायला.’ समोरची मैत्रीण दोन सेकंद गप्प. मग तिनं विचारलं, ‘कुठल्या? सेकंडहँड?’

नाही हो, रेल्वेच्या! एक्स्प्रेस, मालगाडी, मेमू, जी येईल ती. ज्या गाडीला आपण आठवड्याचे सहा दिवस लोंबकळतो, तीच सुट्टीच्या दिवशी लांबून बघायला पैसे खर्च करून जायचं, हा फंडा पटकन गळी उतरत नाही, हे मान्य. पण हा छंद तसा जुना आहे. इंग्लंडात १९४२ मध्ये इयान अ‍ॅलन या सदर्न रेल्वेच्या ऑफिसात काम करणाऱ्या तरुणानं इंजिनांच्या नंबरांची छोटीशी पुस्तिका छापली. ती हातोहात खपली, आणि फलाटाच्या टोकाला वही-पेन्सिल घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. आपल्याकडे वही-पेन्सिलीची जागा कॅमेऱ्यानं आणि आता मोबाइलनं घेतली आहे, एवढंच.

महाराष्ट्रातल्या रेल्वेवेड्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. बोरघाटात मंकी हिल, कसारा घाट, रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल पूल. पावसाळा लागला की तिकडे झुंबड उडते. पुण्यात बँकेत नोकरी करणारा माझा एक मित्र या वेडातला सीनियर. तो म्हणाला, ‘तिकडे आता गाडीपेक्षा कॅमेरे जास्त. तू नंदुरबार लाइनला जा. घाट नाही, बोगदे नाहीत, गर्दी नाही. जागा मात्र तुझी तुला शोधावी लागेल.’

गेल्या दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात मी ती शोधायला गेले. तीन दिवस, एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि मित्रानं फोनवर दिलेलं भरपूर ज्ञान!

नकाशातला घोळ

नंदुरबार म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवतात त्या बातम्या. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा हे नाव देशभर गाजलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. जिल्हा मात्र तरुण आहे. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा झाला. तालुके सहा. त्यातले शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सातपुड्याकडचे. रेल्वे लाभली ती तापीच्या अलीकडच्या दोनच तालुक्यांना, नवापूर आणि नंदुरबार.

मुंबईकरांना खरी मजा वाटेल ती वाटेची. महाराष्ट्रातल्याच एका जिल्ह्याच्या गावी जायला रेल्वे तुम्हाला आधी चक्क परराज्यात नेते. वापी, वलसाड करत सुरतच्या अलीकडे उधन्याला गाडी पूर्वेकडे वळते. मग बारडोली, व्यारा, सोनगड, आणि नवापूरला पुन्हा महाराष्ट्र! उधना ते जळगाव हा साधारण ३०७ किलोमीटरचा मार्ग म्हणजे जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे. १९०० च्या सुमाराची. आज हा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतो. म्हणजे तुमची चर्चगेट-विरार लोकल आणि नंदुरबारची मेमू एकाच घरच्या लेकी.

या रुळांवर काय काय बघायला मिळतं? अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन, अहमदाबाद-हावडा, सुरतहून पार छपऱ्याला जाणारी ताप्ती गंगा. पूर्वेकडून कोळसा घेऊन गुजरातेत निघालेल्या मालगाड्या, कंटेनरच्या गाड्या. पूर्व आणि पश्चिम भारत एकमेकांना देतात-घेतात, त्यातला बराच माल आणि बरीच माणसं इथून जातात. घाट नसला तरी गाड्यांची कमी नाही, बॉस!

एक पाय महाराष्ट्रात, एक गुजरातेत

सुरुवात नवापूरपासून. सकाळी उतरले तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता आणि घोषणा चार भाषांत चालू होत्या. हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती. कारण हे स्टेशन दोन राज्यांत आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी वाटणी झाली, आणि राज्याची हद्द गेली ती थेट फलाटावरून. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. म्हणजे तिकीट मराठी मुलखात काढायचं आणि गाडी लेट का, हे विचारायला गुजरातेत जायचं! फलाटावर एक बाकडंही आहे. त्यावर मधोमध रेघ मारून एकीकडे महाराष्ट्र, दुसरीकडे गुजरात लिहिलंय. जोडीनं गेलात तर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावूनही वेगवेगळ्या राज्यांत बसता येतं.

या बाकड्यावर सेल्फी सगळेच काढतात. तुम्हीही काढा, लाजू नका. पण गाडीचा फोटो हवा असेल तर बाकडं सोडा आणि फलाटाच्या पूर्वेकडच्या टोकाला चालत जा. का? इथे मित्राचं पहिलं ज्ञान कामी आलं.

तो म्हणतो, ‘जागा शोधताना आधी रूळ बघू नकोस. सूर्य बघ.’ हा मार्ग मोठ्या मानानं पूर्व-पश्चिम आहे. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून सुरतेकडून जळगावकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ते पडतं. इंजिनाच्या काचा, नंबर, रंग, सगळं लख्ख दिसतं. दुपारनंतर उलटं. जळगावकडून सुरतेला निघालेली गाडी उन्हाला सामोरी येते. म्हणजे सकाळी जाणारी टिपायची, संध्याकाळी येणारी. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभं राहिलं की डब्यांची अख्खी रांग उजळलेली मिळते. मे-जूनच्या भर दुपारी मात्र कॅमेरा बॅगेतच ठेवा. सूर्य डोक्यावर, इंजिनाच्या कपाळाची सावली त्याच्या नाकावर. फोटो मेलेला येतो.

एवढं साधं गणित, पण मला ते कोणी मास कॉमच्या दोन वर्षांत शिकवलं नव्हतं.

गाडी बघून झाल्यावर नाश्ता करा. खमण की पोहे, हा निर्णय सीमेवर अवघड जातो. परत जाताना पिशवीत नवापूरची तूरडाळ टाका. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आईला इंजिनाच्या फोटोपेक्षा तीच जास्त आवडेल.

फाटक, चहा आणि गेलेलं क्रॉसिंग

नवापूरहून मेमूनं पुढे निघाले. सकाळी पूर्वेला जाताना डावीकडची खिडकी धरा. ऊन उजवीकडून येतं, त्यामुळे डावीकडचा देखावा उजळलेला दिसतो आणि डोळेही दिपत नाहीत. चिंचपाडा, खांडबारा हा पट्टा या लाइनचा सगळ्यात देखणा तुकडा. लहान-लहान डोंगर, मधूनच साग, तुरीची शेतं, भात कापून झालेली खाचरं, कौलारू घरं. पावसाळ्यात इथे हिरव्या रंगाच्या किती छटा असतील याचा नोव्हेंबरातही अंदाज येतो.

या भागात सगळ्यात चांगली जागा कोणती, तर रेल्वे फाटक. स्टेशनवर गाडी हळू असते नाहीतर उभी. फाटकाजवळ ती पूर्ण वेगात जाते, आणि तुम्ही रस्त्यावर, म्हणजे कायद्यानं उभं राहण्याच्या जागी असता. शिवाय मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मालगाड्या दिसत नाहीत. फाटक मात्र कोणत्याही गाडीसाठी पडतं! घंटा वाजली, दांडा खाली आला, दोन्ही बाजूंना मोटारसायकली जमायला लागल्या की समजायचं, कॅमेरा काढा.

पण फाटकं कमी होत चालली आहेत, हेही खरं. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत देशभर बंद झाली, आणि माणूस असलेल्यांच्या जागीही पूल नाहीतर भुयारी रस्ते होताहेत. जिवांच्या दृष्टीनं ते हवंच होतं. फोटोवाल्यांनी पुलावर जायचं शिकावं.

एका फाटकाजवळच्या टपरीवर मी दोन तासांत तीन चहा प्यायले. टपरीवाले काका साठीच्या पुढचे. गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ. मी सलग तीन मालगाड्यांचे फोटो काढले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

‘पेपरमधून आलात का? की रेल्वेच्या?’

‘नाही काका, हौस म्हणून.’

‘मग उशिरा आलात. मजा सिंगल लाइन होती तेव्हा होती.’

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. पूर्वी इथे एकच रूळ होता. समोरासमोरून दोन गाड्या आल्या की एकीला छोट्या स्टेशनात बाजूच्या लाइनवर काढून थांबवायचे. क्रॉसिंग! पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, कधी पाऊण तास. तेवढ्यात लोक खाली उतरायचे, पाणी भरायचे, भजी खायचे, सीताफळं घ्यायचे. काका तेव्हा किटली घेऊन डब्याडब्यातून फिरायचे. ‘हावडावाले, मद्रासवाले, सगळ्यांनी आपला चहा पिलाय,’ ते म्हणाले. मग दुसरी लाइन पडली, विजेच्या तारा आल्या. उधना-जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचं लोकार्पण फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्याच्या कार्यक्रमात झालं. त्याच दिवशी खान्देश एक्स्प्रेसला आणि नंदुरबार-उधना मेमूला हिरवा झेंडाही दाखवला गेला. गाड्या वाढल्या, वेळेवर धावायला लागल्या. थांबायचं मात्र कारण उरलं नाही. काका किटली घेऊन फाटकावर आले.

‘वाईट झालं म्हणायचं का मग?’ मी विचारलं.

‘छे हो! माझा पोरगा सुरतला आहे कामाला. सकाळी निघतो, दुपारी घरी जेवायला. वाईट कसं?’ त्यांनी ग्लास विसळला. ‘फक्त चहा कमी खपतो.’

माझ्या मित्राकडे या लाइनचे डिझेल इंजिनांच्या जमान्यातले प्रिंट्स आहेत. उभी एक्स्प्रेस, शेजारच्या लाइनवरून धूर सोडत येणारी दुसरी. ते फोटो आता कोणीही काढू शकणार नाही. आता तारा आणि खांब फ्रेममध्ये येणारच. त्यावर उपाय एकच. थोडं लांब जा, थोडं उंचावर जा, आणि खांबांना फोटोचा भाग होऊ द्या. ते एका अंतरानं येतात, गाडीला ताल देतात. पहिल्या दिवशी मला ते खुपत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हिशेबानंच फ्रेम लावत होते.

वेगाचंही थोडं गणित आहे. ताशी ११० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर पुढे सरकते. म्हणजे ‘आली, आली’ म्हणेपर्यंत गेली. शटर १/१००० वर ठेवलं तर ती गोठते. १/६० वर ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला तर इंजिन स्पष्ट आणि मागचं शेत पुसट येतं. याला पॅनिंग म्हणतात, आणि ते पहिल्या वीस वेळा बिघडतं. मालगाडीवर सराव करा. कोळशाच्या गाडीला अठ्ठावन्नच्या आसपास वाघिणी असतात, लांबी सहाशे मीटरच्या वर. चुका करायला भरपूर वेळ देते बिचारी.

नंदुरबार: परफेक्ट फ्रेम

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नंदुरबार स्टेशनवर होते. सकाळ गावात घालवली. १९४२ च्या सप्टेंबरात तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेललेल्या शाळकरी शिरीषकुमारचं स्मारक बघितलं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या बघितल्या. लाल मिरची उन्हात वाळत घातलेली, नजर पोचेल तिथपर्यंत. नाकाला रुमाल लावूनही शिंका थांबत नाहीत. पण रंग असा, की कॅमेऱ्याला काहीच करावं लागत नाही.

स्टेशनवर मात्र मी पूर्ण तयारीनं गेले होते. आधी ऑफिसात जाऊन विचारलं. हौशी फोटोंच्या बाबतीत प्रत्येक स्टेशनवर वेगळं उत्तर मिळतं, असा माझा अनुभव, म्हणून आधी विचारलेलं बरं. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे, मग ट्रायपॉडकडे बघितलं. म्हणाले, ‘काढा. पण पिवळ्या पट्टीच्या पुढे जायचं नाही. आणि कुणाच्या वाटेत यायचं नाही.’ मी मान डोलावली. दोन्ही अटी सोप्याच वाटल्या.

सुरतेकडे जाणारी एक्स्प्रेस चारच्या पुढे येणार होती. म्हणजे उन्हाला सामोरी. मी फलाटाच्या पश्चिमेकडच्या टोकाला गेले. इथून रूळ सरळ पूर्वेकडे जाताना दिसतात, ऊन माझ्या पाठीशी, इंजिन थांबणार साधारण माझ्या समोर. मित्रानं ज्या जागेचं वर्णन केलं होतं, ती हीच. ट्रायपॉड लावला, फ्रेम बांधली, फोकस केला. परफेक्ट!

फक्त फ्रेममध्ये माणसं होती. एक बाई, तिचा नवरा, म्हातारी सासू आणि दोन पोरं. तीन-चार गाठोडी, पातेली बांधलेलं एक पोतं, टोपलीखाली झाकलेली कोंबडी. मोठी मुलगी सात-आठ वर्षांची असेल, ती नेमकी रुळांच्या दिशेनं वाकून बघत होती.

मी म्हणाले, ‘जरा मागे सरकता का? फोटोत येताय.’

ते सरकले. काही बोलले नाहीत. गाठोडी उचलली, पोतं ओढलं, सासूला हाताला धरून उठवलं आणि वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन पुन्हा बसले. आणखी काही माणसं होती, तीही त्यांचं बघून सरकली. फलाटाचं टोक मोकळं झालं. मी खूश.

पाच मिनिटांनी ती बाई माझ्याकडे आली. ‘ताई, जनरल डबा कुठं लागेल?’

मला वाटतं, मी तीन दिवसांत पहिल्यांदा निरुत्तर झाले. गाडीला कोणतं इंजिन असणार, ते मला माहीत होतं. त्याची ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर, हेही माहीत होतं. गाडी कुठून निघाली, किती मिनिटं लेट आहे, सगळं मोबाइलवर होतं. जनरल डबा कुठे लागतो, हे मात्र मी कधी बघितलंच नव्हतं. मला कधी त्याची गरजच पडली नव्हती.

उत्तर चहावाल्या पोरानं दिलं. जाता जाता, न थांबता. ‘इंजिनाच्या मागं लागतो. ह्या ताईंचा स्टँड आहे ना, तिथंच.’

साहजिक आहे. जनरल डबे गाडीच्या टोकांना असतात. फोटोवाल्यांना इंजिन हवं असतं, तेही टोकालाच असतं. म्हणजे फोटोसाठी जी ‘बेस्ट जागा’, तीच बिनरिझर्वेशनच्या माणसांची उभं राहण्याची जागा. मी त्यांना तिथून उठवलं होतं.

‘कुठे निघालात?’ ट्रायपॉड मिटता मिटता मी विचारलं. दुसरं काय बोलावं, ते सुचेना.

‘बारडोलीकडं. उसाला.’

दिवाळी झाली की या जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. बरेच जण ट्रकनं जातात, काही रेल्वेनं. पावसाच्या आधी परततात. हे मी वाचलं होतं, एकदा त्यावर दोन परिच्छेद लिहिलेही होते. पोत्यात पातेल्यांबरोबर कोयते असणार, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

‘आणि हिची शाळा?’ मी मुलीकडे बघून विचारलं.

‘आली की जाईल.’

‘मेमूनं नाही गेलात?’

‘सुटली ना. एसटी उशिरा आली गावाहून.’

ते सगळे पुन्हा पुढे आले. या वेळी गाठोडी उचलायला मीही होते. आणि गाडी आली.

खरं सांगते, इतकी सुंदर आली! सरळ रुळावरून, तोंडावर पिवळं ऊन घेऊन, मागे धुळीचा हलका पडदा. माझा कॅमेरा पाठीवर होता. जनरल डब्याच्या दारात आधीच सात-आठ माणसं उभी होती, पूर्वेकडून दीड दिवस बसून आलेली. जागा द्यायची त्यांची इच्छा नव्हती असं नाही, द्यायला जागाच नव्हती. नवरा कसाबसा चढला. त्यानं आतून हात पुढे केले आणि आम्ही खालून एकेक वस्तू देत गेलो. गाठोडी. पोतं. सासू, तिला दोघांनी मिळून. लहान पोरगा. कोंबडीची टोपली दारातल्या एका तरुणानं घेतली आणि डोक्यावर धरली. मोठी मुलगी शेवटी राहिली. तिला मी उचललं. ती अगदी हलकी होती. आत गेल्यावर तिनं मागे वळून माझ्या गळ्याकडे बघितलं, जिथे कॅमेऱ्याचा पट्टा होता.

‘फोटो काढला?’ तिनं विचारलं.

‘नाही,’ मी म्हणाले.

शिट्टी झाली. त्या बाईनं दाराचा दांडा धरला, एक पाय पायरीवर, आणि गाडी हलल्यावर दुसरा. दारातल्यांनी तिला आत ओढलं. मी चालत चालत दोन पावलं गेले आणि पिवळ्या पट्टीपाशी थांबले.

पुलावरची संध्याकाळ

संध्याकाळचा तास मी स्टेशनच्या पादचारी पुलावर काढला. नंदुरबारमध्ये गाड्या बघायची जागा विचाराल तर मी आता हीच सांगेन. कठड्याला टेकून एका बाजूला उभं राहिलं की कोणाच्या वाटेत येत नाही. खाली दोन्ही दिशांच्या गाड्या दिसतात, रुळांची जाळी दिसते, सिग्नल दिसतात. स्टार्टर सिग्नल पिवळा किंवा हिरवा झाला की गाडी सुटणार. लाल असेपर्यंत चहा प्यायला हरकत नाही.

आणि वरून फलाट पूर्ण दिसतो. तासभर बघितला तर कळतं की फलाटावरची गर्दी सारखी नसते. मधे, जिथे एसीचे डबे लागतात, तिथे ट्रॉली बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि बरीच मोकळी जागा. टोकांना माणसं दाटीवाटीनं, गाठोड्यांवर बसलेली. गाडी यायच्या आधी पाच मिनिटं टोकाची गर्दी हलायला लागते. डबा नेमका कुठे येईल, याचा अंदाज घेत दहा पावलं पुढे, पाच मागे. जागा शोधण्यात हे लोक आमच्यापेक्षा फार तयार आहेत. त्यांची चुकली तर फोटो नाही, गाडी चुकते.

अंधार पडता पडता पूर्वेकडून एक मालगाडी आली आणि न थांबता गेली. मी कॅमेरा उचलला तेव्हा शेवटची वाघीण पुलाखालून बाहेर पडत होती. मागे लाल दिवा. तीन दिवसांतला माझा आवडता फोटो तो आहे. थोडा हललाय. पण त्यात फलाटाच्या पश्चिमेकडच्या टोकाला एक कुटुंब दिसतं. दुसरंच कुणीतरी. गाठोड्यांवर बसून पुढच्या गाडीची वाट बघणारं.

सोमवारी ऑफिसवाल्या मैत्रिणीनं विचारलं, ‘मिळाली का मग जागा?’

‘मिळाली,’ मी म्हटलं. ‘आधी चुकीच्या ठिकाणी उभी होते.’

जायचंय? मग हे वाचा

कसं जाल: मुंबईहून पश्चिम रेल्वेनं सुरतमार्गे. पुणे-नाशिकहून रस्त्यानं धुळ्यामार्गे सोयीचं. नवापूर, खांडबारा आणि नंदुरबार ही तिन्ही ठिकाणं रेल्वेनंच जोडा. तिकिटाच्या पैशात खिडकीतला शो फुकट.

कधी जाल: ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. ऊन कोवळं, हवा स्वच्छ, आणि दिवाळीनंतर नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या. हिरवळ हवी तर जुलै-ऑगस्टमध्ये चिंचपाडा-खांडबारा पट्टा. छत्री न्या, पण रुळांजवळ उघडू नका.

उभं कुठे राहाल: पादचारी पूल, रस्त्याचा पूल, फाटकाबाहेरचा रस्ता, फलाटाची पिवळ्या पट्टीमागची बाजू. रुळांवर किंवा रुळांच्या कडेनं चालत जायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि विजेवरची गाडी डिझेलपेक्षा फार कमी आवाज करत येते, मागून आलेली कळतसुद्धा नाही.

तारांपासून लांब: वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. झटका बसायला तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं. डब्यावर चढणं तर सोडाच, पुलावरून सेल्फी स्टिकही खाली सोडू नका.

फलाट तिकीट: दहा रुपये, दोन तास चालतं. स्टेशनवर आधी विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, फाटक आहेच.

काय खाल: शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. सोबत ठेचा. पाणी जवळ ठेवा!

आणि एक: फलाटाच्या टोकाला ट्रायपॉड लावण्याआधी मागे वळून बघा. तिथे आधीपासून कोणीतरी उभं असतं.